जपानी आभासी गायिकेकडून मराठी ओळ गाऊन घ्यायची आहे: ळ, घ आणि शेवटचा हलंत कुठे अडतो?

घाटवाट_खानापूर

नमस्कार मंडळी. खानापूर भागातल्या एका गणेश मंडळाच्या देखाव्यासाठी तीन मिनिटांचं गाणं बसवायचं आहे. मिकू, टेतो यांच्यासारखी आभासी गायिका, म्हणजे सूर आणि शब्द भरले की संगणकातून गाणारा तयार आवाज, चाल जपानी पॉपच्या वळणाची, पण शब्द मराठी. ताल हलगीचा, लय मिनिटाला १५० ठोके, सा पांढरी एक. शब्द आमचेच आहेत. पहिली ओळ:

चांदणं उतरलं घाटात, जवळ बोलतंय पाणी

ओपन-उटाऊ या मोफत गायन-सॉफ्टवेअरमध्ये एक मोफत जपानी आवाज घालून ओळ रोमन अक्षरांत टाकली, तर कानावर येतं ते साधारण असं: ‘चांदाना उतारारा गातातो, जावारा बोरुतान्या पानी’. विनोदी कार्यक्रमाला चालेल, देखाव्याला नाही. कोणता आवाज घ्यावा, अक्षरं कशी दुरुस्त करावीत, आणि स्टेजवर बाई उभी राहून गाते असं दाखवायला नेमकं काय लागतं? ‘होलोग्राम भाड्याने’ वाल्यांचे आकडे मंडळाच्या आवाक्यातले नाहीत.

निपाणीचा_कळफलक

आधी रोग कुठला ते बघा. जपानीत स्वर पाचच. अ आणि आ वेगळे नाहीत, म्हणून ‘जवळ’चं ‘जावारा’ होतं. र, ल, ळ या तिघांच्या जागी जिभेचा एकच टकारा आहे. ट-ड नाहीत, ण नाही, ख-घ-थ-ध-भ नाहीत. आणि शेवटी व्यंजन उभं राहत नाही; न सोडला तर प्रत्येक व्यंजनाला मागे स्वर हवाच. म्हणजे तुमच्या ओळीत जवळजवळ प्रत्येक शब्दाला कुठे ना कुठे अडचण आहे.

पण एक गोष्ट आपल्या बाजूची आहे आणि ती फार जण वापरत नाहीत. मराठीत च दोन आहेत. ‘चार’मधला तालव्य आणि ‘चांदणं’मधला दंत्य. हिंदीवाल्यांना हा दुसरा च शोधावा लागतो, जपानीत तो तयार आहे: ‘त्सा’. तुम्ही रोमनमध्ये सी-एच लिहिलंत म्हणून गायिकेने ‘चार’मधला च लावला. टी-एस-ए लिहा, चांदणं लगेच चांदण्यासारखं वाटेल. ‘जवळ’मधला ज तसाच, तिथे जे नाही, झेड लिहा. जपानी ‘झा’ शब्दाच्या सुरुवातीला ‘द्झा’ असाच निघतो, आणि आपल्याला तोच हवा आहे. लहान मोफत आवाजांत ‘त्सा’, ‘ति’, ‘तु’, ‘सि’ यांचे नमुने कधी कधी ध्वनिमुद्रित केलेलेच नसतात. मग ‘ति’ची ‘ची’ होते, ‘तु’चं ‘त्सु’ आणि ‘सि’ची ‘शी’. आवाज उतरवण्याआधी त्याच्या यादीत हे चार आहेत का ते बघून घ्या.

पैसे थोडे खर्च करायची तयारी असेल तर सिंथेसायझर व्ही स्टुडिओ या विकतच्या गायन-सॉफ्टवेअरची प्रो आवृत्ती आणि त्यातला एआय आवाज घ्या. कासाने टेतो २०२३ पासून तिथे आहे. (टेतो जन्मली २००८ च्या १ एप्रिलला, व्होकलॉइड या यामाहाच्या गायन-सॉफ्टवेअरची नवी गायिका आली अशी थाप म्हणून. नंतर उटाऊ या ओपन-उटाऊच्या आधीच्या सॉफ्टवेअरवर तिला खरंच आवाज मिळाला.) इथला फायदा म्हणजे एकच आवाज जपानी, इंग्रजी आणि मंदारिन (चिनी) अशा वेगवेगळ्या भाषांत गातो आणि भाषा सुरागणिक बदलता येते. ही सोय मराठीसाठी अशी वापरायची:

त आणि द जपानीतून. ट आणि ड इंग्रजीतून, कारण इंग्रजी टी-डी आपल्या कानाला तसेही ट-डच लागतात. ख, थ, फ मंदारिनच्या के, टी, पी मधून; मंदारिनमध्ये ही अक्षरं महाप्राण आहेत. क, त, प तिथले घ्यायचे असतील तर जी, डी, बी लिहावं लागतं, तिथे गोंधळू नका. छ साठी मंदारिनचा क्यू. दंत्य च मंदारिनच्या झेडमध्येही मिळतो. ल इंग्रजीचा एल. र जपानीचा किंवा इंग्रजीच्या ध्वनियादीतला डी-एक्स, जो जिभेचा एकच टकारा आहे. इंग्रजी आर चुकूनही नको, लगेच परदेशातून आलेल्या पाहुण्यासारखा वास येतो. अ साठी इंग्रजीचा ए-एक्स किंवा ए-एच, आ साठी ए-ए.

घ, झ, ध, भ मात्र यांतल्या कुठल्याच भाषेत नाहीत. ‘घा’साठी ग, मग अगदी आखूड ह, मग आ असं लिहायचं आणि त्याच जागी श्वासाचा परिमाप, म्हणजे ब्रेथिनेस, वर उचलायचा. ह लांबला तर ‘गहा’ ऐकू येतं. ध्वनीची लांबी कमी करत जा, ह वेगळा ऐकू येईनासा झाला की थांबा. ळ साठी जपानी र घेऊन त्या व्यंजनाची लांबी साधारण १४० टक्के करा. शंभर टक्के ळ होत नाही, पण दोन स्वरांच्या मध्ये आला की कान फसतो.

एक खड्डा आहे. एका सुराला एकच भाषा मिळते. ‘टात’मध्ये ट इंग्रजी आणि त जपानी हवा, म्हणून शेवटच्या त ला स्वतःचा आखूड सूर द्या. नाही दिलात तर ‘घाटाट’.

तिसरं_रेल्वेगेट

कळफलक भाऊंचं सगळं बरोबर, पण त्यांनी थेट विकतच्या दुकानात नेलं की. मंडळाला फुकटात करायचं असेल तर ओपन-उटाऊतच राहा. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. जुना उटाऊ नको. त्याला संगणकाची भाषा जपानी करून ठेवावी लागते, नाहीतर फाईलींची नावं भुताटकीसारखी दिसतात. ओपन-उटाऊमध्ये आवाजाची झिप थेट खिडकीत ओढून टाका आणि संकेतन (अक्षरं साठवायची पद्धत) विचारल्यावर शिफ्ट-जेआयएस निवडा. आधी झिप उघडून मग फोल्डर कॉपी केलात तर नावं तिथेच बिघडतात आणि मग ‘आवाज आहे पण गात नाही’ अशी तक्रार येते.

आवाज कोणत्या घडणीचा आहे ते बघा. जपानी आवाज तीन तऱ्हांचे मिळतात: सुटी अक्षरं, मागच्या स्वराला जोडून मुद्रित केलेली अक्षरं, आणि व्यंजन-स्वर व स्वर-व्यंजन असे दोन्ही सांधे असलेली. मराठीला तिसरी तऱ्हाच घ्या. दुसरी ऐकायला सर्वांत मऊ, पण तिच्यात ‘आर्’, ‘आत्’ असे शेवट नाहीत. आपलं काम तर शेवटावरच अडतंय.

आता तो शेवट हाताने कसा करायचा. १५० च्या लयीत एक ठोका ४०० मिलिसेकंदांचा. ‘बोल’ एका ठोक्यात बसवायचा असेल तर ‘बो’ला ३४० आणि ‘रु’ला ६० द्या. त्या ‘रु’चा आवाज १०० वरून ४० वर आणा. उ ऐकू येत नाही, नुसता ल-रचा टकारा उरतो. ‘रु’ ४० मिलिसेकंदांच्या खाली नेऊ नका. प्रत्येक नमुन्याचं व्यंजन सुराच्या आधी वाजतं आणि स्वर ठोक्यावर पडतो. सूर फार आखूड झाला की टकाराही गिळला जातो. ह्याच कारणासाठी गाण्याच्या अगदी पहिल्या सुराआधी एक मात्रा तरी रिकामी ठेवा, नाहीतर ‘चांदणं’चं ‘आंदणं’ होतं. शेवटी स असेल तर काम सोपं: ‘सु’ लिहा, जपानी स्वतःच त्यातला उ दाबतात.

पण मला विचाराल तर औषधापेक्षा पथ्य बरं. कन्नडात बसचं ‘बस्सु’ होतं, कारचं ‘कारु’. जपानीतही बसला ‘बासु’च म्हणतात. दोघींनाही शब्द स्वरावर टेकवायची सवय. म्हणून हीच चाल कन्नड ओळीवर घातली तर निम्मी डोकेदुखी आपोआप जाते; आपल्या भागात दोन्ही भाषांत गाणं करणाऱ्याने कन्नड कडवं आधी बसवावं. मराठी ओळीला हीच सवय लावायची तर ओवी-अभंगाची बोली घ्या. तिथे शेवटचा स्वर गायचाच असतो. तुमची ओळ अशी करून बघा:

चांदणे उतरले घाटामधी, जवळी बोलते पाणी

अर्थ तोच, आणि शब्दाशेवटी लोंबणारा हलंत एकही नाही. ‘बोलतंय’ची बोलीभाषेतली गोडी जाते हे खरं. पण ती गायिकेच्या तोंडून तशीही येणार नव्हती.

मींड घेताना सूर तोडून तीन-चार सूर लिहू नका, प्रत्येक जोडावर उचकी लागते. एकच लांब सूर घ्या आणि वर पिचची रेघ ओढा. ओपन-उटाऊत ती वर-खाली १२०० सेंट, म्हणजे एक सप्तक जाते. व्होकलॉइडमध्ये पिच बेंडची मर्यादा मुळात २ अर्धस्वरांची असते. ती आधी वाढवायची, नाहीतर रेघ कितीही ओढली तरी मींड भिंतीला आपटते. आणि आपोआप लागणारं व्हायब्रॅटो बंद करा. सरळ सुरात मशीनपण शोभतं. प्रत्येक सुराच्या शेवटी एकसारखी थरथर आली की ते खोटं माणूसपण वाटतं.

पट्टी. मिकूच्या पहिल्या २००७ च्या आवाजासाठी तिच्या क्रिप्टन कंपनीने सुचवलेला पल्ला ए-३ ते ई-५ आहे आणि लय ७० ते १५०. पेटीच्या भाषेत, सा पांढरी एक धरली तर मंद्र धैवतापासून तार गंधारापर्यंत. तुमची पट्टी बसते, लय मात्र काठावर आहे.

निपाणीचा_कळफलक

ओवीची बोली ही सूचना माझ्यापेक्षा बरी आहे, मान्य. तरी ‘घाटामधी’त घ आणि ट राहतातच. जपानी आवाजात ट ला इलाज नाही, घ ला ‘गा’वर भागवावं लागेल.

ज्यांना वेळ आहे त्यांनी स्वतःचा मराठी आवाज मुद्रित करावा, ओपन-उटाऊ देवनागरी नावं स्वीकारतं. फक्त आवाजाच्या कॅरेक्टर-यॅमल फाईलमध्ये मजकुराचं संकेतन यूटीएफ-८ लिहा. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो. सगळी अक्षरं एकाच सुरावर, मेट्रोनोम १०० ते १२०, कपड्यांनी भरलेल्या कपाटासमोर उभं राहून. स्वर सहा धरा: अ, आ, इ, उ, ए, ओ. व्यंजनं चौतीस-पस्तीस. म्हणजे दोनशेच्या वर व्यंजन-स्वर आणि तितकेच स्वर-व्यंजन सांधे. ‘क-का-कि-कु’ अशा माळा करून म्हटलं तर एका माळेत पाच-सहा निघतात. ळ ने मराठी शब्द सुरू होत नाही, ण ने जवळजवळ नाहीच, म्हणून त्यांचे सुरुवातीचे नमुने गाळा आणि ‘अळा’, ‘अणा’ असेच घ्या.

मग प्रत्येक नमुन्याला पाच आकडे द्यायचे: सुरुवात, न ताणायचा भाग, शेवटची काट, ठोक्याआधीचा भाग, मागच्या सुरावर चढणारा भाग. लोक घ-ध-भ मध्ये चुकतात ते दुसऱ्या आकड्यात. क ला जो ‘न ताणायचा’ भाग पुरतो तो घ ला पुरत नाही, कारण व्यंजन सुटल्यावरही स्वराचा पहिला तुकडा श्वासाळ असतो. तो साधारण ८० ते १०० मिलिसेकंद धरून सीमा पुढे सरकवा. नाही सरकवली तर लांब सुरात तो श्वासच ताणला जातो आणि गायिका दमेकऱ्यासारखी गाते.

गणपती दीड महिन्यावर असतील तर मात्र या भानगडीत पडू नका.

शहापुरी_ध्वनी

आवाजाचं झालं, आता स्टेज. ‘होलोग्राम’ हा शब्द विसरा. मिकूच्या ९ मार्च २०१० च्या टोकियोतल्या कार्यक्रमापासून जे लोक बघत आले ते पारदर्शक पडद्यावर मागून टाकलेलं सपाट चित्र. २०२४ च्या अमेरिका दौऱ्यात त्याऐवजी एलईडी पडदा ठेवला तेव्हा तिकीट काढलेले चाहते नाराज झाले. पारदर्शकपणा हीच सगळी जादू, हे त्यातून कळतं.

मंडळासाठी बारीक विणीची काळी किंवा राखी जाळी घ्या. पांढरी जास्त उजळ दिसते, पण आजूबाजूच्या दिव्यांचा उजेडही पकडते आणि पडदा आहे हे कळतं. व्हिडिओची पार्श्वभूमी शुद्ध काळी. जाळीमागे किमान दोन मीटर काळोख आणि शेवटी काळं कापड, कारण निम्म्याहून जास्त उजेड जाळीतून आरपार जातो. मागे भिंत असेल तर तिथे दुसरी गायिका उभी राहते. प्रोजेक्टर प्रेक्षकांच्या डोळ्यांच्या रेषेत ठेवू नका, भिंगाचा झगझगीत ठिपका थेट डोळ्यांत येतो. वरून किंवा खालून तिरका मारा आणि कीस्टोन, म्हणजे तिरकं चित्र सरळ करायची सोय, लावा. ३००० ल्युमेनच्या खाली जाऊ नका, आणि मांडवातल्या माळा त्या तीन मिनिटांपुरत्या बंद ठेवायला आधीच सांगून ठेवा.

मिकूची अधिकृत उंची १५८ सेंटिमीटर. चित्र २ मीटर उंच पाडलं तर १०८० ओळींपैकी साधारण ८५० तिच्या वाट्याला येतात, तेवढ्या पुरतात. पाय स्टेजच्या फळीला टेकलेच पाहिजेत. चार बोटं वर राहिली तर लहान पोरंसुद्धा ओळखतात.

हालचालीसाठी मिकूमिकूडान्स हे आकृती नाचवायचं सॉफ्टवेअर, २००८ पासून मोफत. सेकंदाला ३० चौकटी. तोंडाचे आकार आ-इ-उ-ए-ओ असे पाच असतात. अ साठी ‘आ’ निम्मा उघडा ठेवा. प, ब, म च्या आधी दोन चौकटी तोंड पूर्ण मिटवा. एवढं एक केलं तरी ती मराठी बोलतेय असं वाटायला लागतं.

ध्वनी. ह्या आवाजांची धार ३ किलोहर्ट्झच्या आसपास असते आणि मांडवातले कर्णेही तिथेच ओरडतात. दोन्ही मिळून कान फाटतो. तिथे ३ डेसिबल उतरवा, १२० हर्ट्झच्या खालचं कापा, स-श ची शिट्टी दाबणारा डी-एसर लावा. गल्लीच्या टोकाला लांब कर्णा बांधलेला असेल तर गायिका त्यात सोडू नका: ३४ मीटरला आवाज १०० मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि शब्दांचा चिवडा होतो. हलगी प्रत्यक्ष वाजणार असेल तर वादकाच्या कानात क्लिक, म्हणजे ठोक्यांची टकटक, हवीच. २०१२ मध्ये संगीतकार इसाओ तोमिता यांनी वाद्यवृंदासोबत मिकूला गायला लावलं, तेव्हा तिने संगीत संचालकाच्या हाताबरोबर चालावं म्हणून खास यंत्रणा उभारली होती. आपल्याकडे ती नाही, म्हणून माणसाने मशीनबरोबर चालायचं. लाईट जाणारच. यूपीएस आधी प्रोजेक्टरला द्या, कारण गरम दिवा पंख्याविना बंद पडला की त्याचं आयुष्य कमी होतं. संगीत काय, पुन्हा पहिल्यापासून लावता येतं.

घाटवाट_खानापूर

खूप आभार, ओवीवाली ओळ मंडळात सगळ्यांना पटली. दोन गोष्टी राहिल्या. चाल ‘भविष्यातली’ वाटावी म्हणून काय घालू? आणि परवानगीचं काय? फलकावर मिकूचं चित्र, खाली देणगीदार दुकानांची नावं असा बेत आहे.

तिसरं_रेल्वेगेट

जपानी पॉपमधलं ‘भविष्य’ बरंचसं जुनं आहे, हे लक्षात ठेवलं की वाद्यं आपोआप सुचतात. यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा हा जपानी बँड १९७८ ला निघाला: सूर क्रमाने वाजवणारा, संगणकाने चालणारा सीक्वेन्सर, आणि व्होकोडर या यंत्रातून यांत्रिक केलेला माणसाचा आवाज. रोलँडचं ८०८ ड्रमयंत्र १९८० चं. यामाहाचा डीएक्स-७ कीबोर्ड १९८३ चा, आणि मिकूच्या पोशाखाचे रंग आणि बटणं त्याच्यावरूनच घेतलेली. पडद्यावरची बनावट गायिकाही नवी नाही. होरिप्रो कंपनीने १९९६ मध्येच क्योको दाते नावाची संगणकी तरुणी गायिका म्हणून बाजारात आणली होती. तेव्हा नव्या चकचकीत प्लगइनमागे धावू नका. डीएक्स-७ ची घंटेसारखी इलेक्ट्रिक पियानो, ८०८ ची टाळी आणि सोळाव्या मात्रांची एकसुरी धावती साखळी एवढं पुरे. टाळीच्या जागी हलगीची टिमकी नमुना म्हणून वापरा, सुरेख बसते.

दुसरं म्हणजे श्वास. ह्या गायिकांना श्वास घ्यावा लागत नाही, म्हणून तिथल्या संगीतकारांनी माणसाला न झेपणाऱ्या लांब, भरगच्च ओळी लिहिल्या, आणि मग माणसं त्या गायला शिकली. गायक केन्शी योनेझू आणि योआसोबी या जोडीतला आयासे दोघेही आधी व्होकलॉइडवर गाणी करायचे. तुमच्या तिसऱ्या कडव्यात दोन ओळी मध्ये न थांबता जोडा. फक्त सगळ्या गाण्यात नको, मांडवात उभ्या माणसाला दम लागतो.

परवानगी. आवाज आणि चित्र ह्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. विकत घेतलेल्या आवाजात केलेलं गाणं तुमचं. मिकूचं चित्र क्रिप्टनच्या पियाप्रो कॅरेक्टर परवान्याखाली विनाधंदा आणि विनामोबदला वापरता येतं. प्रवेश फुकट असला तरी चित्राखाली दुकानांची नावं आली की ती जाहिरात दिसते. देणगीदारांचा फलक वेगळा लावा, चित्रापासून लांब. टेतोचे नियम तिच्या मालकांच्या संकेतस्थळावर आहेत, ते वेगळे वाचायचे. मोफत उटाऊ आवाजांच्या सूचना-फाईलमध्ये राजकीय आणि धार्मिक वापराला मनाई बऱ्याचदा असते. फाईल जपानीत असते म्हणून कुणी वाचत नाही. यंत्राने भाषांतर करून वाचा, आणि देखाव्यात आरती घालणार असाल तर आवाजाच्या मालकाला दोन ओळींचं पत्र टाकून विचारा. आपल्या भागात भाषेवरून घोषणा कधीही सुरू होतात. ती घोषणा गायिकेच्या तोंडी घालायचा मोह कुणाला झाला तर पहिल्यांदा ही फाईल दाखवा.

निपाणीचा_कळफलक

एक राहिलं. नव्या ओळीत ‘बोलते’ आहे, तेव्हा ‘ल्’साठी ‘बो-रु-ते’ लिहून मधला ‘रु’ ६० मिलिसेकंदांवर ठेवा. ‘उतरले’मध्ये र आणि ल लागोपाठ येतात. मोफत जपानी आवाजात दोन्ही एकच टकारा, म्हणून ‘उतारारे’ होणार. तिथे ‘उतरले’ काढून ‘सांडले’ टाका.